किमान दहा

कोल्हापुरात कोर्टाच्या बातम्या करताना ज्या शिक्षा ऐकल्या, त्यांतल्या बहुतेक मी विसरलो. ही विसरलो नाही, कारण त्या शिक्षेचा माझा राग अजून गेलेला नाही.

आरोपी पन्हाळ्याच्या बाजूचा, चाळिशीचा. एका पोल्ट्रीवर राखणदार होता. मालकाने कोंबड्या विकल्या, शेडमध्ये बॅरल आणि काचेची भांडी आणली, आणि हा तिथे एमडी या अमली पदार्थाची पावडर बनवायला शिकला. तो निर्दोष नव्हता. ती पावडर कुठे जाते, ती ओढणाऱ्या पोरांचं काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. स्वतःची मुलं त्याने शेडकडे कधी फिरकू दिली नव्हती. मालक फरार झाला. खटला याच्या एकट्यावर उभा राहिला.

सकाळी न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"व्हय, साहेब."

"कुणी दबाव आणलाय?"

"न्हाई."

"या गुन्ह्याला किमान दहा वर्षं सक्तमजुरी आहे. समजलं?"

"समजलं की, साहेब."

नोंद झाली. शिक्षेवरची सुनावणी जेवणाच्या सुट्टीनंतर ठेवली.

सुट्टीत व्हरांड्यात त्याची बायको माझ्याजवळ आली. हातातली वही बघून तिने मला कोर्टाचा माणूस समजलं असावं.

"ओ पावणं, दोन-तीन वर्सांत सुटतील न्हवं?"

"दहा म्हणाले ना साहेब."

"ती किमान की वो. किमान म्हंजे लई झालं तर दहा. जेलातल्यांनी सांगितलंय, कबूल केलं की निम्म्याच्या खाली येतंय."

"किमान म्हणजे कमीत कमी," मी म्हणालो. "दहाच्या खाली देताच येत नाही."

ती म्हणाली, "तर मग कमीत कमी म्हणायला काय झालतं साहेबास्नी?"

काहीच झालं नव्हतं. हवामानाच्या चौकटीत आम्हीही रोज किमान आणि कमाल छापतो आणि वाचणाऱ्याला कळलं असं धरून चालतो. कोर्टाच्या त्या खोलीत तो शब्द सगळ्यांना कळत होता, फक्त ज्याला भोगायचं होतं त्याला सोडून.

ती वकिलाकडे धावली. सरकारी खर्चाने नेमून दिलेला वकील, कँटीनमध्ये मिसळ खात बसला होता. मी मागोमाग गेलो. कबुली मागे घेण्यासाठी अर्ज करता येतो, कोर्ट तो ऐकू शकतं, एवढं मलाही माहीत होतं.

"वकीलसाहेब, त्यास्नी किमान कळलंच न्हाई बघा."

"वहिनी, नोंद झालीय आता. आणि खटला चालवून तरी सुटणार हाय व्हय तो? पुरावा बघितलासा काय?" त्याने पाव मोडला. "मी बोलतो की दयेचं."

पुरावा भक्कम होता, हे खरं. पण लढायचं की नाही हे त्या आरोपीने ठरवायचं होतं. ते ठरवलं मिसळीवरून उठायचा कंटाळा आलेल्या माणसाने.

दुपारी वकील दयेचं बोलला. पहिलाच गुन्हा, लहान मुलं, पश्चात्ताप. दीड-दोन मिनिटं. तो खाली बसतोय तोवर मागच्या बाकावरून ती उठली.

"साहेब, त्यास्नी कळलं न्हाई!"

"ए बाई, बस खाली!" शिपाई ओरडला.

न्यायाधीशांनी मान वर करून वकिलाकडे पाहिलं. तेवढीच संधी होती. वकील अर्धवट उठला आणि म्हणाला, "भावनेच्या भरात बोलतायत, सर."

न्यायाधीशांनी आरोपीला विचारलं, "शिक्षेबाबत काही सांगायचंय?"

त्याने हात जोडले. "कमीत कमी द्या, साहेब."

त्यांनी कमीत कमी दिली. दहा वर्षं.

पोलिस बाहेर नेत होते तेव्हा तो व्हरांड्यात थांबला आणि बायकोवर खेकसला, "तुला मधी बोलायची काय गरज हुती गं? साहेब तापलं आन् दिली की पुरी दहा!"

"चला, गाडी लागल्या," हवालदार म्हणाला.

मला वाटलं, आता ती त्याला किमानचा अर्थ सांगेल.

"चुकलं माझं," ती म्हणाली.