छापील पुरावा

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या बाईंना सगळे खोडरबर म्हणत. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे गप्पा छाटत, तेव्हा बाई एका हाताने डबा उरकत आणि दुसऱ्या हाताने इंटरनेटवरच्या फुकट ज्ञानकोशातली घाण पुसत. तिथे कुणीही यावं, काहीही लिहावं. कुणी नदीला आपल्या मेव्हण्याचं नाव दिलेलं असे, कुणी धडधाकट नटाला परस्पर मारून टाकलेलं असे. बाई ते पुसत आणि खाली आपलं ठरलेलं वाक्य टाकत: छापील पुरावा नाही, बदल रद्द.

वर्षानुवर्षं हेच चाललेलं. पगार नाही, कौतुक नाही, शिव्या तेवढ्या भरपूर. पण काचेचं निम्मं शिक्षण बाईंनी याच कोशातून घेतलं होतं. आपल्यासारखं कुणीतरी पहाऱ्यावर बसलंय म्हणूनच लोक त्यावर विश्वास ठेवतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हल्ली मात्र त्या फार शिणल्या होत्या.

त्यात गावातल्या जुन्या फुटबॉल क्लबच्या पानावरच्या एका ओळीमागे कुणी निनावी माणूस हात धुऊन लागला होता. अंतिम सामन्यात गोलकीपरने साधा चेंडू पायांतून सोडला आणि क्लब हरला, असं तिथे गोलकीपरच्या नावासकट लिहिलेलं, तेही वर्तमानपत्राच्या हवाल्याने. हा माणूस ते खोडून लिही, ‘त्या दिवशी तो खेळलाच नाही, मनगट मोडलं होतं.’ पुरावा मागितला की गप्प. बाईंनी पुसलं की तो पुन्हा लिही. शेवटी वैतागून बाईंनी त्याच्यावर बंदी घालायला लावली आणि त्या दुपारी निवांत जेवल्या.

पुढच्याच आठवड्यात नंबर वाढलेले एक आजोबा दुकानात आले. माप घ्यायला बाई बाहेर आल्या. आजोबांनी फ्रेम डोळ्यांसमोर धरली, तेव्हा त्यांचं डावं मनगट वाकडं जुळलेलं दिसलं.

“हे कधीचं?” बाईंनी सहज विचारलं.

“फुटबॉलचं. फायनलच्या आधी सरावात मोडलं. माझ्या जागी दुसरा उभा राहिला, पेपरात नाव मात्र माझं आलं. पेपर रद्दीत गेला, लोक विसरले. आता ते कॉम्प्युटरवर आलंय. सुनेने वाचलं. ती काही बोलत नाही हो, तेच जास्त लागतं. मी दुरुस्त करायचो, तर कुणीतरी पुसून टाकायचं. आता तर मला दारच लावून घेतलंय.”

बाईंनी हातातली मापपट्टी खाली ठेवली. “आजोबा, ती पुसणारी मीच.”

आजोबांनी फ्रेम काउंटरवर ठेवली. मग म्हणाले, “बरं झालं, ओळखीचं माणूस निघालं. आता तुम्हीच नीट करा.”

बाईंनी त्याच दुपारी ती ओळ काढली. दुसऱ्या दिवशी डबा उघडला, तर ओळ जागच्या जागी. कुठला तरी दुसरा पहारेकरी खाली लिहून गेला होता: छापील पुरावा आहे, बदल रद्द. नव्या लोकांना ही भाषा बाईंनीच शिकवली होती. त्यांनी चर्चेच्या पानावर लांबलचक लिहिलं, मी तो माणूस पाहिलाय, मनगट पाहिलंय. उत्तर अगदी सभ्य आलं: ‘तुम्ही पाहिलंत, पण वाचकाने कसं पडताळायचं?’ यात खोट काढायला जागा नव्हती. बाईंनीही हेच विचारलं असतं. क्लब कधीचा बंद पडलेला, आजोबांच्या जागी उभा राहिलेला तो दुसरा केव्हाच वारलेला. बाईंना रडूच आलं, पण काचा खोळंबल्या होत्या.

चष्मा न्यायला आजोबा आले, तेव्हा बाईंनी तो स्वतः त्यांच्या नाकावर बसवला, कानामागे काड्या सारख्या केल्या.

“झालं का आपलं काम? दाखवा,” आजोबा म्हणाले.

नाही म्हणायला बाईंची जीभ रेटेना. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा आजोबांकडे वळवला. आजोबांनी मान मागे न घेता, डोळे बारीक न करता, आपल्या नावासकट सगळी ओळ एका दमात वाचली.

“अक्षर अगदी स्वच्छ दिसतंय,” ते म्हणाले. “काच चांगली घासलीत.”