वैजीनाथमास्तरांची बोळवण

वैजीनाथमास्तरांच्या बँडचं नाव नवरत्न होतं आणि वाजवणारे होते सात. बाकीची दोन रत्नं कुठं गेली असं कुणी विचारलं, की मास्तर गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "एक जेवायला बसलंय, दुसरं त्येला वाढायलंय." त्यांचा हा विनोद मी लहानपणापासून ऐकत आलो आणि दर वेळी हसत आलो.

माझं जिंतूरच्या स्टँडसमोर रेडिओ दुरुस्तीचं दुकान. गाव मात्र मास्तरांचं तेच माझं, येलदरीच्या रस्त्यावरचं. मी तसा तिरसट माणूस. कुणाचं कौतुक करायचं म्हटलं की जिवावर येतं. पण क्लॅरनेट वाजवावी ती मास्तरांनीच, याबद्दल मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

मास्तर मांगवाड्यातले. उंच, सावळे, गाल फुगवून फुगवून कायमचे सैल पडलेले. बँडचा लाल कोट इतका जुना झाला होता, की खांद्यावरची सोनेरी झालर झडून गेल्यावर त्यांच्या बायकोनं, सरजाबाईंनी, तिथं पिवळी लोकर ओवून दिली होती. लग्नसराई संपली की नवराबायको रोजानं शेतात जायची, एखाद्या वर्षी ऊस तोडायलाही जायची. तिकडंही क्लॅरनेट बोचक्यात असायचीच. सरजाबाई चिडवायच्या, "सवत हाय ती माजी. तिला सोडून ह्येंचा पाय निघंना."

सगळे बँड सिनेमाची गाणी वाजवत, मास्तरही पोटासाठी तीच वाजवत. पण त्यांनी स्वतः बांधलेली अशी एकच चाल होती, बोळवणीची. मुलगी सासरी निघाली की मांडवापासून वेशीपर्यंत ती वाजायची. त्या चालीला ढोल राधाकिशनचाच लागायचा. राधाकिशन बौद्धवाड्यातला, मास्तरांचा लहानपणापासूनचा जोडीदार. बोळवणीला तो ढोलाच्या काठीला फडकं गुंडाळायचा आणि कुणी हळूहळू पावलं टाकत निघालंय असा वाजवायचा. ज्यांच्या घरचं लग्न नाही त्या बायकासुद्धा ती चाल ऐकून दारात यायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. माझ्या बहिणीच्या बोळवणीला मीही भिंतीकडं तोंड करून उभा होतो.

बँडवाल्यांचा एक नियम असतो. वाटेत सुतकाचं घर लागलं की वाजवणं बंद. वरात कितीही मोठ्या घरची असो, त्या दारापुढून मुक्यानं जायचं आणि पुढं गेल्यावर तोडली होती तिथूनच चाल उचलायची. मास्तर या बाबतीत फार कडक. एकदा नवरदेवाच्या मामानं दटावलं, "वाजवा की, कोन बगायलंय?" मास्तरांनी क्लॅरनेट काखेत मारली आणि ते घर ओलांडेपर्यंत मामाकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मग अठ्ठ्याहत्तर साल उजाडलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. आमच्याही गावात बौद्धवाड्याची वस्ती पेटली. कुणी पेटवली ते सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि पंचनाम्यात मात्र ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वेशीकडच्या रस्त्याला लागून म्हणून राधाकिशनचं घर सगळ्यात आधी गेलं. त्याच्या म्हाताऱ्या आईला, बायनाबाईंना, मास्तरांनी पाठीवर घालून बाहेर काढलं. राधाकिशन बायकापोरं आणि आईला घेऊन परभणीला गेला आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करू लागला. बायनाबाई आगीच्या धसक्यातून उठल्याच नाहीत, थोड्याच दिवसांत परभणीलाच वारल्या.

"ईद्यापीठाचं दार कसं असतंय ते माज्या आईनं कदी बगितलं न्हाई," राधाकिशन पुढं एकदा मला म्हणाला. "नावापायी घर मातर तिचं जळालं."

नवरत्न तिथंच मोडला. मास्तर जिंतूरच्या दुसऱ्या बँडांत भाड्यानं वाजवू लागले. मधूनमधून परभणीला जायचे, पण राधाकिशनला न भेटताच परत यायचे. "कोन्त्या तोंडानं जावं?" म्हणायचे, जशी काही आग त्यांनीच लावली होती. ज्यांनी लावली ते खुशाल पारावर बसून तंबाखू मळत होते.

पुढं कॅसेटी आल्या. ट्रॅक्टरवर कर्णा बांधला, की झाली वरात. बँडांचे कोट गाठोड्यात गेले. त्यातच मास्तरांना दमा जडला आणि डॉक्टरनं फुंकायचंच बंद करा म्हणून सांगितलं. एक दिवस ते माझ्या दुकानात आले, बराच वेळ धापा टाकत बाकावर बसले.

"दिनकरराव," ते म्हणाले, "माजा दम जायलाय. बोळवन कुनाला शिकवावी म्हनलं तर कुनी शिकंना. तुमच्या टेपात धरून ठिवता का तेवडी?"

परभणीचा एक कॅसेटवाला माझ्या ओळखीचा होता. प्रती काढून विकायचं त्यानं कबूल केलं. जुने गडी गोळा करायलाही वेळ लागला नाही, ट्रम्पेटवाला बन्सीधर तर ऐकताक्षणी कोट शोधायला घरी पळाला. पण मास्तरांची एकच अट होती. ढोल राधाकिशनचा.

मी मास्तरांना घेऊन मालधक्क्यावर गेलो. राधाकिशन पाठीवर पोतं घेऊन येत होता. मास्तरांना पाहिलं, पोतं ठेवलं आणि म्हणाला, "लय वाळलास की." कशासाठी आलो ते मीच सांगितलं. राधाकिशननं ऐकून घेतलं.

"वाजवतो," तो म्हणाला. "पन त्या गावात पाय ठिवनार न्हाई."

त्यात हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. टेप काही फक्त गावातच चालतो असं नाही. मी दुकानाची मागची खोली रिकामी केली, दारं-खिडक्या लावल्या, सातही म्हाताऱ्यांना गोणपाटांवर बसवलं आणि बटण दाबलं. जे वाजलं ते ऐकवत नव्हतं. ट्रम्पेट पुढं पळत होतं, झांज मागं राहत होती, ढोल मधेच घुटमळत होता. पुन्हा वाजवलं, पुन्हा तीच गत. जन्मभर ही माणसं चालत वाजवत आलेली, त्यांचा ताल पायांत होता. बसल्यावर तो कुठून येणार? कितीदा तरी वाजवून झालं. प्रत्येक वेळी मास्तरांचा दम आणखी तोकडा पडत गेला. शेवटी ते भिंतीला टेकले. ओठ काळेनिळे पडले होते.

राधाकिशन त्यांच्याकडं बघत राहिला. मग उठला आणि ढोल गळ्यात अडकवला.

"चला गावात," तो म्हणाला. "ह्येचा दम हितं वाया जायलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मारुतीच्या पारापासून निघालो. पुढं मी, गळ्यात टेप आणि तोंड बँडकडं, म्हणजे उलटा चालणारा. एकदा म्हशीला धडकलो, एकदा गटारात पाय गेला. लोक आपापल्या दारांत उभे होते, राधाकिशनला बघून काहींनी नजर खाली घातली. मास्तरांनी क्लॅरनेट ओठांना लावली. फडकं गुंडाळलेल्या काठीचा पहिला ठोका पडला आणि त्या सात म्हाताऱ्यांची पावलं एक झाली. दम्याचा माणूस एवढा लांब सूर कुठून आणत होता कोण जाणे.

वेशीच्या अलीकडं, राधाकिशनच्या जळक्या घरापुढं आलो. चार फूट उरलेल्या भिंती, त्यात वाढलेली तरवडाची झुडपं. मास्तरांनी क्लॅरनेट खाली घेतली. बन्सीधरनं ट्रम्पेट खाली घेतलं. सगळे एकदम मुके झाले. राधाकिशनची काठी वरच्या वर थांबली. टेप बंद पडला की काय असं मला आधी वाटलं, पण तो चालूच होता. नुसती पावलं वाजत होती, आणि मास्तरांचा धापा टाकणारा श्वास. घर ओलांडल्यावर मास्तरांनी तोडलेला सूर तिथूनच उचलला, ढोल त्यात येऊन मिळाला आणि चाल वेशीपाशी संपली.

मास्तर वेशीच्या दगडावर बसले, त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरली. मग राधाकिशननं विचारलं, "हितं कोन गेलंय? मधी काहून बंद केलं?"

बन्सीधर म्हणाला, "तुजंच घर हाय न्हवं त्ये? कुनाची बी वरात असू दे, मास्तर तिथं बंद करतो. सगळ्यांला बी करायला लावतो. लय शिव्या खाल्ल्या त्येनं ह्येच्यापायी."

"म्हातारीचं सुतक त्या घरात कुनी धरलंच न्हाई," मास्तर खालमानेनं म्हणाले. "धरलंच न्हाई तर फिटंल कसं?"

राधाकिशननं काठीचं फडकं सोडलं, त्यानं तोंड पुसलं. ते पुन्हा गुंडाळायला त्याला फार वेळ लागला. मग तो मास्तरांच्या शेजारी दगडावर बसला आणि दोघं येलदरीच्या रस्त्याकडं बघत राहिले. मी निघताना मास्तरांनी माझी बाही धरली.

"मधलं थांबलेलं तसंच ऱ्हाऊ द्या, दिनकरराव. त्ये कापू नका. चालीतच हाय त्ये."

परभणीच्या कॅसेटवाल्याला मी हे दोनदा बजावलं. त्यानं मान हलवली. मान हलवणाऱ्या माणसांवर मी तेव्हापासून विश्वास ठेवत नाही.

कॅसेटी येण्याआधीच मास्तर गेले, उन्हाळ्याच्या तोंडाला. राधाकिशननं खांदा दिला आणि सुतक फिटेपर्यंत तो मास्तरांच्या अंगणातच मुक्कामाला राहिला. त्याच दिवसांत कॅसेटींचं खोकं माझ्या दुकानात आलं. मी कॅसेट लावली. क्लॅरनेट आली, ढोल आला, मी त्या जागेची वाट बघत बसलो, आणि चाल सरळ पुढं निघून गेली. मधली पावलं नाहीत, श्वास नाही, काही नाही. मी परभणी गाठली. कॅसेटवाला म्हणाला, "अहो, मधेच आवाज बंद पडला तर गिऱ्हाईक कॅसेट खराब म्हणून परत आणतं. मी जोडून नीट करून दिलं." मी त्याला नको नको ते बोललो. पण कॅसेटी तोवर गावोगाव गेल्या होत्या.

आमच्या गावातही गेली होती. गावातल्या भगवानरावांच्या मुलीचं लग्न आधीच ठरलेलं, ते काही पुढं ढकलता येण्यासारखं नव्हतं. बोळवणीला त्यांनी मास्तरांचीच चाल लावली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. "आपल्या गावच्या मानसाची हाय," असं ते कौतुकानं सगळ्यांना सांगत होते. मी त्या वेळी सरजाबाईंना भेटायला गेलो होतो. मांगवाडा वेशीला लागूनच, जळक्या घराच्या थोडा पुढं. लांबून कर्णा ऐकू आला. कॅसेटीत काय कापलंय ते तिथं फक्त मला ठाऊक होतं. अंगणातली माणसं मात्र कान देऊन बसली, कारण कुठं थांबायचं ते सगळ्यांना माहीत होतं.

ट्रॅक्टर राधाकिशनच्या घरापुढं आला. चाल थांबली नाही. राधाकिशननं माझ्याकडं पाहिलं. मला मान वर करता आली नाही. ट्रॅक्टर पुढं आला, मास्तरांच्या दारापुढं. आत कोनाड्यात दिवा होता, दिव्याशेजारी क्लॅरनेट होती, आणि जन्मभर कुणाच्या सुतकाच्या दारापुढं ज्यांनी फुंकर मारली नाही, ते मास्तर स्वतःच्याच सुतकात स्वतःच्या दारापुढं मोठ्यानं वाजवत होते.

राधाकिशन ताडकन उठला आणि ट्रॅक्टर अडवायला हात वर करून रस्त्यात गेला. मागून सरजाबाईंचा आवाज आला. त्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"ऱ्हाऊ द्या, भावजी. आडवू नका," त्या म्हणाल्या. "त्येंचा दम हाय त्यो. आता तेवडाच उरलाय."

राधाकिशनचा हात खाली आला. तो बाजूला सरला. कर्ण्यातून त्याचाच ढोल वाजत होता, एकेक पाऊल टाकल्यासारखा, आणि त्यावरून मास्तरांचा सूर वेशीकडं चालला होता. सरजाबाईंनी तोंडाला पदर लावला. ट्रॅक्टर वेशीबाहेर जाऊन आवाज पार विरला, तरी राधाकिशन तिथंच उभा होता. त्या दिवशी मी भिंतीकडं तोंड केलं नाही, सगळ्यांसमोर रडलो.