नानांनी खांबाला बांधलेला कापूस

गावाहून शबानाचा फोन आला तेव्हा मी मशीनवर शर्टाची बाही जोडत होते. "नाना गेले गं," एवढंच ती म्हणाली. मी "हो" म्हणून शिवत राहिले... बाही उलटी लागली, हे सुपरवायझरनं दाखवल्यावर कळलं. त्याला आता बरेच आठवडे झाले, पण बेंगळुरूहून धरणगावला नानांच्या घरी दारावर, सांत्वनाला जायचं राहिलंच आहे. सुट्टी मिळते, पाय निघत नाही. नाना नसलेल्या घरात काकूंसमोर, त्यांच्या बायकोसमोर, बसायचं कसं?

नाना कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि संध्याकाळी त्यांच्या घरासमोरच्या मैदानावर आम्हा मुलींना खो-खो शिकवायचे. नववीत माझं शिक्षण थांबलं, तर म्हणाले, "शाळा सुटनी, मैदान नही." मग एका सामन्यात खांबाला वळसा घालताना तोंड आपटलं, पुढचा दात तुटला. त्यानंतर खांब जवळ आला की पाय आपोआप थांबायचे. संघातली शबाना ओरडायची, "खांब चावस का तुले?" नाना तिला म्हणायचे, "तू गप ऱ्हाय वं. पाल दिसनी ते तू मैदान सोडी पळस!"

मला मात्र त्यांनी पळायला लावलंच नाही. "आज फक्त खांबले टेकी बठ. भीती वाटस ना? तिले बी जोडे बठाड." मी भीतीला शेजारी घेऊन बसले, शेंगा खाल्ल्या, घरी गेले. असं बरेच दिवस. मग नुसतं चालत जाऊन हात लावायचा. मग त्यांनी जिनिंगमधला वाया गेलेला कापूस पोत्यात भरून खांबाला बांधला आणि त्यावर झेप घ्यायला सांगितलं. रोज त्यातला थोडा कापूस काढायचा, किती ते मीच ठरवायचं. कधी काढलेली मूठ मी परत कोंबायचे. मुली हसल्या तर नाना म्हणत, "तिनी भीती शे, ती पाही लेई." शेवटी रिकामं पोतं लोंबत राहिलं, तेही मीच सोडलं. पुढे उघड्या खांबावरून मी पहिला गडी बाद केला, तेव्हा नाना चप्पल शोधत होते... आनंदात कुठे भिरकावली होती कोण जाणे.

या परक्या शहरात एकटी राहिले ती त्याच जोरावर. आणि आता एक दार ओलांडवत नाही! आधी काकूंचा नंबर लावून कट केला. मग त्यांचं "हॅलो" ऐकून ठेवला. परवा "काकू, मी..." एवढं जमलं.

"बोलता नही ये ना? ऱ्हाऊ दे," काकू म्हणाल्या. "नाना सांजले मैदानवर पानी मारेत. आते मी मारस. पोरी येतस, धूळ बसाले नको का? पन पाइप लांब शे, माले एकलीले जमस नही."

मी तिकीट काढलं आहे. गाडीत रडू येईल, घराच्या वळणावर पाय अडतील, सगळं होईल... पण मुली यायच्या आत पोचायला हवं. काकूंच्या हातात पाइपाचं एकच टोक असतं.