कोळसा खात्याचा मंत्री

बाबांचं कपाट रिकामं करताना डांबरगोळ्यांच्या वासासोबत खणात अंथरलेला पिवळा पेपर हाती आला. त्यात एका जुन्या केंद्र सरकारातल्या मंत्र्यांची खातेवार यादी होती. बाबांना ती तोंडपाठ होती, आणि लहानपणी त्यांनी ती माझ्याकडूनही पाठ करून घेतली होती. त्यांना अर्धांगवायू झाल्यावर डॉक्टर म्हणाले, यांना रोज बोलतं ठेवा. मग सकाळी कूलरसमोर बसून बाबा अडखळत तीच यादी म्हणू लागले. "बसलं वाटते यांचं मंत्रिमंडळ!" आई स्वयंपाकघरातून हसायची. एकदा ते कोळसा खात्यापाशी अडले. "कोण होता गा? सांग ना मले." मी हेल्मेट घेऊन ऑफिसला निघालो होतो. "काहून आठवून राहिले, बाबा? ते सरकार पडून जमाना झाला." ते मान खाली घालून चादरीचा काठ चाचपत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी यादी म्हटली नाही, नंतर कधीच नाही, आणि हळूहळू बाकीचं बोलणंही थांबलं. आज पेपरात ते नाव वाचलं, तर आत काहीच हललं नाही. पेपर होता तसा खणात अंथरला. ते नाव मला तेव्हाही येत होतं.