बिनबिजागरीचं दार

आमच्या घराण्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुमच्या अपेक्षा आवाक्यात राहतील. आमचे पूर्वज मराठी फौजेबरोबर उज्जैनला आले हे खरं आहे, पण त्यांच्या हातात तलवार नव्हती, बोरू होता. फौज पुढे लढायची आणि आम्ही मागे बसून कोण कामी आलं ते लिहायचो. तेव्हापासून आमच्या घरात कुणी अंगावर आलं की पहिला विचार अर्ज करण्याचा येतो.

म्हणून माझी थोरली बहीण लग्नानंतर चौथ्या वर्षी इंदूरहून एका पिशवीनिशी परत आली, तेव्हा बाबांनी अर्जच केला. ताईच्या डाव्या कानाला ऐकू येईनासं झालं होतं. नवऱ्यानं मारलेल्या थपडेनं पडदा फाटला, असं डॉक्टर म्हणाले. मानेवर इस्त्रीचा डाग होता, तो तिनं आईलासुद्धा दोन दिवस दाखवला नाही. चौकीवरच्या साहेबांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "बाबूजी, घरेलू मामला है. लड़की को समझाओ." बाबा घरी आले आणि कुणालाच काही न समजावता नुसते बसून राहिले.

पुढच्या आठवड्यात जावई स्वतः आला. ताई आतून दार उघडेना, तेव्हा त्यानं लाथा घातल्या. दार जुनं, दोन फळ्यांचं, साखळीचं. खालची फळी कडकन फुटली आणि त्या भोकातून त्याचा बूट आत आला. तो बूट पाहून आई किंचाळली, शेजारी जमले आणि तो परत गेला. जाताना म्हणाला, "पुढच्या वेळी घेऊनच जाईन. केसाला धरून."

त्या दिवशी बाबांनी ठरवलं, नवीन दार करायचं.

ती वर्षं अशी होती की शहरात सगळं नवीन होत होतं. देवासगेटच्या बाजूला ज्या कारखान्यात आधी लॉजांचे पलंग आणि किराणा दुकानांची काउंटरं बनायची, तिथं आता टीव्हीच्या ट्रॉल्या आणि आरशाची ड्रेसिंग टेबलं ओळीनं उभी असायची, सगळी प्लायची, वरून चकचकीत सनमायका. सरकारी भरती आटत चालली होती आणि मी नेमकी तिचीच तयारी करत होतो. त्यामुळे घरातला तरुण, धडधाकट पुरुष म्हणून माझी नेमणूक दाराच्या कामावर झाली. एका महिन्यापुरता मी कराटेच्या वर्गालाही गेलो होतो, हे आईनं मोहल्ल्यात सांगून ठेवलं होतं. तिसऱ्याच दिवशी माझा पाय मुरगळला होता, ते मात्र तिनं सांगितलं नव्हतं.

कारखान्यातल्या मिस्त्रीनं बाबांना आधी फ्लश डोर दाखवलं. बाबांनी त्यावर बोटानं टकटक केली.

"आतून पोकळ आहे हे."

"सब यही लगवा रहे हैं बाबूजी. हलका है, सुंदर है."

"मला सुंदर नको. कुणी लाथ मारली तर मारणाऱ्याचा पाय मोडला पाहिजे, असं पाहिजे."

मिस्त्रीनं बाबांकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, बहुधा लाथ कोण मारणार याचा अंदाज घेत. म्हणाला, "तो सागवान लो."

लाकडाच्या टालीवरून सागवान आलं आणि दार बनलं. एकाच फळीचं दिसणारं, दोन बोटं जाड, आतून अडसर बसवायला लोखंडी आकडे. हातगाडीवरून ते घरी आलं तेव्हा उतरवायला चौघं लागले. मिस्त्रीनं त्याच दिवशी जुनं दार आणि जुनी चौकट काढली. नवी चौकट सिमेंटमध्ये बसवली. ती पक्की व्हायला एक रात्र हवी होती. जुनं दार आईनं तासाभरात फोडायला लावून बंबाच्या जळणात रचलं. आमच्याकडे कुठलीही गोष्ट वाया जात नाही.

संध्याकाळी मिस्त्री हात धुताना म्हणाला, "चलो, अब परसों चढ़ा देंगे."

"परसों का? उद्या या," बाबा म्हणाले.

"कल तो अमावस है बाबूजी. अमावस को हम औजार नहीं उठाते."

"अमावस्या उद्या नाही. परवा आहे."

आता हे उज्जैनमध्येच होऊ शकतं. ज्या गावावरून एकेकाळी अख्ख्या देशाची वेळ मोजायचे, त्या गावात आम्ही मराठी माणसं पुण्याहून येणारं पंचांग लावतो. ती तिथी दोन दिवसांवर पसरली होती. मिस्त्रीच्या मंदिरातल्या पंडितजींनी पहिला दिवस धरला होता, आमच्या पंचांगानं दुसरा. बाबांनी पंचांग आणून बोट ठेवून दाखवलं. मिस्त्रीनं ते आदरानं पाहिलं, नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी क्षिप्रेवर आंघोळीला गेला.

तो दिवस आम्ही दाराशिवाय काढला. चौकटीला आईनं भैरवगढची छापील चादर लावली. बाबांनी खाट चौकटीत आडवी टाकली आणि तिच्यावरून हलले नाहीत. ताई घरातल्या घरात सारखी फिरत होती आणि जरा स्कूटरचा आवाज आला की चालू कान रस्त्याकडे करायची.

त्यानंतरच्या सकाळी मिस्त्री वेळेवर आला. बिजागऱ्या, स्क्रू, हत्यारांची पिशवी, सगळं घेऊन.

"चढ़ा दूं?"

बाबा म्हणाले, "नाही. आज अमावस्या आहे."

ताई पुढे आली. "बाबा, मिस्त्रीची काल होती. तुमची आज आहे. तो यायचा तेव्हा पंचांग बघून येणार आहे का?"

"एक दिवसाचा प्रश्न आहे," बाबा म्हणाले. "या घरात अमावस्येला नवीन वस्तू लागत नाही. आणि हे दार तुझ्यासाठी आहे. तुझ्यासाठीच्या वस्तूला मी अवदसा लावणार नाही."

मिस्त्री पिशवी आत ठेवून म्हणाला, "तो मैं गुमटी पे बैठा हूं," आणि कोपऱ्यावर चहा प्यायला गेला.

अकराच्या सुमाराला दोन स्कूटर थांबल्या. जावई, त्याचा एक चुलतभाऊ आणि एक जाडजूड दोस्त. मोहल्ला आदल्या दिवशीच्या स्नानानं थकून घराघरात पडला होता. बाबा नेमके खाट उचलून आत ठेवत होते. जावयानं चादर दोन बोटांनी बाजूला केली, आत आला आणि बाबांच्या पाया पडला. खरंच पडला. मग आईच्या पडला.

आणि आमच्या आईनं, जिनं त्या माणसाला रोज शिव्याशाप दिले होते, सवयीनं विचारलं, "चहा घेता?"

"ठेवा," तो म्हणाला. "तोवर ती बॅग भरेल."

"ती येणार नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, मी तुम्हाला विचारत नाहीये."

तो सरळ आतल्या खोलीत गेला. ताईचा आवाज आला नाही, भांडं पडल्याचा आला. मग तो तिला वेणीला धरून बाहेर ओढत आला. ती भिंतीला, मग खाटेच्या पायाला धरत होती आणि तो एकेक बोट सोडवत होता, शांतपणे, जसं एखादं जाळं सोडवतात. मी मध्ये गेलो. कराटेचं मला जे आठवलं ते म्हणजे दोन्ही हात पुढे धरायचे. मी धरले. त्याच्या दोस्तानं त्या दोन हातांच्या मधून माझ्या तोंडावर गुद्दा मारला. माझा खालचा दात हलला, तो आजही हलतो. मी खाली बसलो, आणि बसल्या बसल्या जावयाच्या पायाला मिठी मारली. त्यानं दुसऱ्या पायानं माझ्या बरगडीत लाथ घातली. मी सोडलं नाही, असं मी मुलांना सांगतो. खरं म्हणजे माझा शर्ट त्याच्या बुटाच्या बक्कलात अडकला होता.

बाबा आले तर चुलतभावानं त्यांना छातीवर ढकललं. ते नव्या चौकटीवर आपटले आणि कपाळ फुटलं. ताई उंबऱ्यापर्यंत ओढली गेली होती. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. चहा झाला होता. तिनं उकळता चहा पातेल्यासकट जावयाच्या तोंडावर मारला.

त्यानं ताईला सोडलं. दोन्ही हात तोंडावर घेऊन ओरडत तो उलटा रस्त्यावर गेला आणि बाकीचे दोघं त्याला सावरायला बाहेर पडले.

"दार," बाबा म्हणाले.

ज्या दाराला चौघं हमाल लागले होते ते आम्ही चौघांनी उचललं. त्यातले बाबा रक्तानं आंधळे आणि मी एका बरगडीचा. दार चौकटीत उभं केलं आणि आतून अंगानं रेटून धरलं. बिजागरी नाही, कडी नाही, अडसर टेकवायला काही नाही. नुसती आमची पाठ आणि आमचे पाय.

पहिली लाथ बसली तेव्हा दार वीतभर आत आलं आणि परत गेलं. परत जाताना बाबांची दोन बोटं दार आणि चौकटीच्या मध्ये चेचली. ते दुसऱ्या हातानं धरून राहिले. दुसरी लाथ, तिसरी. मग तिघं मिळून खांदा लावायला लागले. चौकटीभोवतीचं कच्चं सिमेंट भुगा होऊन आमच्या डोक्यावर पडत होतं.

"आज लागलंच ना दार," आई दात आवळून म्हणाली. "अमावस्येला."

"आत्ता नको," बाबा म्हणाले.

बाहेर तो ओरडत होता, की ताईची हाडं मोडणार, मग माझी, मग घराला काडी लावणार. त्याच्या आवाजात आता ते शांत काही उरलं नव्हतं. बरोबरच्या दोघांना म्हणाला, "हटो. मैं अकेला तोड़ता हूं." आणि लाथा थांबल्या.

ताईनं उजवा कान दाराला लावला. चांगला कान. डोळे मिटून ती ऐकत होती. मला आठवतं, त्या क्षणी तिच्या तोंडावर भीती नव्हती. शिकवणीत अवघड गणित आलं की तिचं तोंड व्हायचं तसं झालं होतं.

"मागे जातोय," ती हळूच म्हणाली. "अजून मागे. नालीपर्यंत गेला." मग म्हणाली, "मी सोडा म्हटलं की सोडायचं. सगळ्यांनी. बाजूला."

"अगं—" बाबा म्हणाले.

"बाबा, एकदा माझं ऐका."

बाहेर बूट धावत आले. आम्ही चौघं श्वास धरून होतो. ताई थांबली, थांबली.

"सोडा."

आम्ही भिंतीला चिकटलो. तो अख्खा जोर लावून आला आणि त्याला दारानं अडवलंच नाही. दार सरळ आत कोसळलं आणि त्याच्यावर तो, तोंडावर. फरशीचा आणि लाकडाचा आणि त्याच्या नाकाचा आवाज एकदमच झाला. तो दारावर पालथा पडला होता, उजवा हात पुढे पसरलेला. तोच हात.

ताईनं मिस्त्रीच्या पिशवीतून हातोडी काढली. घाई केली नाही. गुडघ्यावर बसली आणि त्या हातावर एकदाच मारली.

तो जो ओरडला तो ऐकून समोरच्या घरातले लोक जागे झाले. ताईनं हातोडी परत वर नेली. मला वाटलं, आता डोकं. कुणीही पुढे झालं नाही, मीही नाही. वर नेलेली हातोडी तिनं तशीच धरून ठेवली.

आई म्हणाली, "उचला रे याला. दारावर रक्त सांडतंय."

दोस्त आणि चुलतभाऊ चौकटीत उभे होते. चुलतभाऊ म्हणाला, "भाभीजी, ये आपने ठीक नहीं किया."

ताईनं डोकं वळवलं. "उस तरफ़ से सुनाई नहीं देता भैया. इधर आकर बोलो."

तो आला नाही. लांबूनच त्यांनी जावयाला बगलेत धरून उचललं आणि स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवलं. तो पुन्हा कधी आमच्या गल्लीत आला नाही. पुढे कोर्ट झालं, अर्ज झाले, त्यात मात्र आम्ही चांगले निघालो.

मिस्त्री गुमटीवरून धावत आला तेव्हा बाबा पायरीवर बसले होते. कपाळावर आईच्या साडीचा तुकडा, बोटांवर दुसरा. बाबा म्हणाले, "चढ़ाओ."

मिस्त्रीनं आत पाहिलं. आडवं पडलेलं दार, रक्त, चहाची पत्ती, फाटक्या शर्टातला मी.

"बाबूजी, आज तो आपकी अमावस है."

"संपली," बाबा म्हणाले.

"पंचांग में—"

"मी सांगतो ना, संपली."

दार चढवायला दुपार झाली. चौकट एका बाजूनं पुन्हा भरावी लागली. बिजागऱ्या बसल्या, आकडे बसले, अडसर बसला. आम्ही सगळे बाहेर रस्त्यावर उभं राहून ते कसं दिसतं ते पाहत होतो. ताई आत होती. तिनं दार एकदा उघडलं, एकदा लावलं. परत उघडलं. आमच्याकडे पाहिलं. मग लावलं, आणि आतून अडसर टाकल्याचा आवाज आला.

आम्ही थांबलो. दार उघडलं नाही.

"अगं, गॅसवर दूध आहे," आई म्हणाली आणि हात वर केला.

बाबांनी तिचा हात धरला. "वाजवू नको."

"अहो, उतू जाईल."

"जाऊ दे. तिला पाहिजे तेव्हा उघडेल."

मिस्त्री पिशवी खांद्याला लावून निघून गेला. आई पायरीवर बसली, बाबा तिच्या शेजारी बसले, आणि मी हलणारा दात जिभेनं चाचपत उभा राहिलो. येणारेजाणारे विचारत होते, "काय झालं, चाबी हरवली का?" बाबा प्रत्येकाला सांगत होते, "नाही. मुलगी घरी आहे."

दूध उतू गेल्याचा वास आला. मग जळल्याचा. आई पायरीवरून उठली नाही.