आईला विचारणाऱ्या रमाताई

रमाताई गेल्याचा फोन सासूबाईंनी घेतला. चिकलठाण्यातल्या आमच्या वस्तीच्या अंगणवाडीत ताई वर्षानुवर्षं सेविका होत्या. दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाल्या. फोन ठेवून सासूबाई एवढंच म्हणाल्या, “आपली बाई गेली गं...” आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. याच सासूबाई एके काळी ताईंच्या नावानं बोटं मोडायच्या.

मी अजिंठ्याजवळच्या गावातली, आमच्या घरातली पहिली पदवीधर. आदित्य झाला आणि मला काय झालं ते कुणालाच कळेना, मलाही नाही. झोप यायची नाही, रडूही यायचं नाही. लेकरू रडलं तरी शेजारच्या घरात कुणी रडतंय असं वाटायचं. दीड वर्षाचा झाला तरी तो वर्षाच्या पोरांपेक्षा बुटका दिसे. “बीए शिकली, अन् लेकराला दोन घास भरवता येईनात,” सासूबाई म्हणायच्या. खरंच येत नव्हते.

आधी ताईंचीही चूकच झाली. आहाराची पाकिटं नेऊनही उंची वाढेना, तेव्हा आम्ही ती म्हशीला घालतो असा त्यांना संशय आला. पकडायला म्हणून एका दुपारी त्या अचानक आल्या. मी वाटी हातात धरून बसले होते. वाटीतला शिरा वाळून गेला होता, आदित्य उपाशीच झोपला होता. माझ्या हातातली वाटी काढून घेत त्या म्हणाल्या, “तू कधी जेवलीस, पोरी?” मला आठवेना... किती महिन्यांनी मी रडले.

“लेकराचीच उंची मोजत बसले मी. चुकलंच माझं,” ताई म्हणाल्या.

सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे मला त्यांनीच नेलं. सासूबाई आडव्या आल्या, “माझी सून येडी नाय!”

“व्हय, नायच. तुम्ही बी चला, रिक्षात जागा लई हाय.”

औषधं सुरू झाली. शिवाय ताई मला रोज अंगणवाडीत बोलवायच्या. “मला बारीक दिसत नाय, रजिस्टर तू लिही.” मी महिनाभर लिहिलं. एकदा पाहते तर ताई चष्म्याविना सुईत दोरा ओवतायत, तोही एका झटक्यात! “अगं बाई, आज दिसायलंय की!” म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. आदित्य माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला.

तो हळूहळू खाऊ लागला, बोलू लागला, वाढू लागला. आज सहावीत आहे. प्रार्थनेच्या रांगेत अजून पुढेच उभा असतो. मागं पडलेलं सगळंच भरून निघत नाही, हेही ताईंनी मला न लपवता सांगितलं होतं. पण त्यांनी मला विचारलंच नसतं तर आम्ही दोघंही कुठं असतो, कोण जाणे.

ताईंच्या पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली कार्यक्रमाहून परतलो तेव्हा कुणालाच भूक नव्हती. घरात सुनेचं ताट आधी वाढायचं, असा शब्द ताईंनी त्या रिक्षात सासूबाईंकडून घेतला होता. तो सासूबाईंनी आजवर मोडलेला नाही. डोळे सुजलेले, तरी त्यांनी माझ्यापुढं भाकरी ठेवली. मी नको म्हटलं.

“खा मुकाट्यानं,” त्या म्हणाल्या. “बाई रागवंल.”