मेहुण्याचं बेअरिंग

"बेअरिंग गेलंय साहेब, पार गेलंय. आवाज ऐका की नुसता. कोरडं ओढतंय. आज जबरदस्तीनं चालवलंत तर मधेच बसेल, आणि कायमचं बसेल."

गारेगार मिस्त्री हे नाट्यगृहाच्या मॅनेजरला सांगत होता ते गच्चीवरच्या एसीच्या कॉम्प्रेसरबद्दल. पण दोघे उभे होते रंगपटाच्या दाराशी, आणि आत मिस्त्रीचा मेहुणा राजाची दाढी चिकटवत बसला होता. नाटकवाल्यांत बेअरिंग म्हणजे अंगात मुरलेली भूमिका. जन्मभर भाला धरून मागं उभं राहिलेल्या या माणसाला आज पहिल्यांदा राजा मिळालेला. हे आपल्याबद्दलच चाललंय असं वाटून त्यानं आतून कडी घातली.

मिस्त्रीची बायको, म्हणजे राजाची थोरली बहीण, सगळी भावकी घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. राजा बाहेर आला नाही तर मिस्त्रीला घराचं दार उघडणार नव्हतं.

तसा मिस्त्री निरुपद्रवी. फक्त स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावायची खोड. पहिल्यांदा सासुरवाडीला गेला तेव्हा सासरे "या जावईबापू" म्हणेपर्यंत हा फ्रिजच्या मागं जाऊन बसलेला.

"मेहुणे, मी कॉम्प्रेसरचं बोलत होतो," त्यानं दाराला तोंड लावलं.

"आता सारवासारव नको दाजी. कोरडं ओढतोय म्हणालात. दिग्दर्शकही तेच म्हणतो."

"अहो, बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगतं. यंत्र बंद असताना ते तेल कोमट ठेवायला तळाशी हीटर असतो. या साहेबांनी तो वीज वाचवायला बंद केला. मग गॅस तेलात मिसळला आणि तेल पातळ झालं."

"सरळ म्हणा ना, की मी तापायच्या आधीच उभा राहिलो. वर पातळही."

मॅनेजरनं कपाळाला हात लावला. मिस्त्रीनं मान खाजवली. "बोलून उपयोग नाही. चला वर, स्वतःच्या कानानं ऐका."

कडी निघाली. मखमली झगा गुडघ्यापर्यंत खोचून राजा लोखंडी शिडी चढला. मुकुट मॅनेजरच्या हातात.

"यात दोन पाती असतात," मिस्त्री म्हणाला. "डासांच्या कॉइलची जोडी पाकिटात एकात एक गुंतलेली असते ना, तशी. एक जागचं हलत नाही, दुसरं त्याच्यात डुलत गॅस दाबतं. धरा कानाला."

राजानं स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली. आत कुणीतरी वाळू चावत होतं. हळूहळू त्याचा चेहरा फुलला.

"दाजी, हा तर माझ्यापेक्षा वाईट आहे."

"तेच सांगतोय मघापासून."

"दुरुस्त होईल?"

"बेअरिंग सुटं बदलता येत नाही याचं. अख्खा नवा बसवायचा. तोवर बंद."

"आज त्याच्या जागी कुणीच नाही?"

"नाही."

"माझ्याही जागी नाही," राजा म्हणाला. मॅनेजरच्या हातातून मुकुट घेतला आणि शिडी उतरला, तोही पाठमोरा नाही, राजासारखा समोर बघत. शेवटच्या पायरीवर झगा अडकला, पण मान ताठच.

मिस्त्रीनं एसीचा मेन स्विच पाडला. खाली नाट्यगृह तापलं. दुसऱ्या अंकात घामानं दाढी एका गालावरून सुटली, राजानं ती हातानं दाबून धरली आणि तसंच युद्ध पुकारलं. राजाची दाढ दुखते म्हणून तो चिडलाय, अशी भावकीची समजूत झाली. टाळ्या गच्चीपर्यंत आल्या.

मिस्त्रीनं मान वर केली नाही. काळं तेल बाटलीत काढलं, वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि पुढचा बोल्ट सोडायला पाना लावला.